‘कोण आहे रे तिकडे?’ : वगातल्या राजदरबाराविषयी

मंडळी, तमाशातला राजा रंगमंचावर आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘कोण आहे रे तिकडे?’ आणि तिकडे कोणीही नसतं. फडात, म्हणजे तमाशाच्या संचात, माणसं मोजकी. एक गातो, दोघे मागून झील धरतात, म्हणजे सूर ओढून साथ करतात, एक ढोलकीला, एक हलगीला. उरला तो सोंगाड्या, म्हणजे विनोदी नट. मग तोच शिपाई, तोच हुजऱ्या, वेळ पडली तर फौजही तोच. महाराजांनी हाक मारली की तो म्हणू शकतो, ‘मीच हाय सरकार, सकाळपासनं मीच हाय.’ प्रेक्षक हसतात, आणि त्या हसण्यातच दरबार उभा राहतो. माझं आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे : हा दरबार कशाचा बनलेला असतो?

पडद्याचा नाही, हे नक्की. संगीत नाटकाने रंगवलेले महाल आणले, खांब आणले, मखमल आणली. वगाने, म्हणजे तमाशाच्या उत्तरार्धात रंगणाऱ्या कथानाट्याने, त्यातलं काही घेतलं नाही. एका खुर्चीवर शाल टाकली की सिंहासन झालं. शिकारीला जायचं असेल तर राजा रंगमंचावर एक फेरी मारतो, शाहीर दोन ओळी गातो, झीलकरी ‘जी जी रं जी’ ओढतात आणि ढोलकी थांबते तिथे जंगल. आणखी अर्ध्या फेरीत स्वर्गसुद्धा गाठता येतो. अंतर ढोलकीवर मोजायचं, कोसावर नाही. म्हणून मी याला संगीतिका म्हणायला कचरत नाही. इथलं गाणं सजावटीला नसतं, कथा त्याच्यावर बसून पुढे जाते.

वगाच्या आधी गण म्हणजे गणेशस्तवन होतं, कृष्ण आणि गौळणींच्या थट्टेची गवळण होते, तिथे गौळणींची मावशी आणि कृष्णाचा सवंगडी पेंद्या यांनी प्रेक्षकांना सैल करून ठेवलेलं असतं. मग बतावणी, म्हणजे विनोदी संवादांचा भाग. राजा येईपर्यंत रात्र बरीच चढलेली असते, आणि राजाची कोणाला भीती वाटेल अशी परिस्थितीच राहिलेली नसते. पहिला वग म्हणून उमा-बाबू सावळजकरांच्या ‘मोहना-बटाव’चं नाव घेतात, साल 1865. तेव्हापासून राजे-राजपुत्र वगात येतच राहिले. पण हे राजे कोणत्या गादीचे? नकाशावर त्यांचं राज्य सापडत नाही. त्यांची भाषा ऐका : ‘प्रधानजी, राज्याची हालहवाल काय?’ समजा सोंगाड्या मध्येच म्हणाला, ‘हवाल बरी हाय महाराज, हाल परजेकडं हायत.’ (हे मी आत्ता रचलं, पण मासला हाच.) राज्य खोटं असल्यामुळे हे बोलता येतं. गावचा पाटील समोर पहिल्या रांगेत बसलेला असतो, आणि त्यालाही हसावं लागतं.

नाटककार वसंत सबनीसांनी हे नेमकं ओळखलं. त्यांचं लोकनाट्य ‘विच्छा माझी पुरी करा’ 1965 सालचं. मूळ नाव ‘छपरी पलंगाचा वग’. कोतवालाची जागा रिकामी होते, ती हवालदाराला हवी असते आणि मिळते भलत्यालाच. मग हवालदार मैनावती या नर्तकीला पुढे करतो, तिला राजाचाच छपरी पलंग हवा होतो, आणि नव्या कोतवालावर तो पलंग चोरायची पाळी येते. बघा, यात एकही जादू नाही. नेमणूक, वशिला आणि एक पलंग, बस्स. कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही हा दरबार ओळखीचा वाटतो. दादा कोंडके हवालदार झाले आणि दर प्रयोगात कालच्या बातमीवर आजचा विनोद टाकू लागले. संहितेत अशा मोकळ्या जागा असाव्या लागतात. सबनीसांनी त्या ठेवल्या, हे त्यांचं श्रेय. दादांच्या नावाखाली ते झाकलं गेलं असं मला नेहमी वाटतं.

पण माझं मन खरं अडकलं आहे ते ‘गाढवाचं लग्न’मध्ये. हरिभाऊ वडगावकरांचं लोकनाट्य. ते गाजवलं मावळातल्या इंदुरीच्या दादू इंदुरीकरांनी. त्यांना 1973 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्यानंतर प्रकाश इनामदारांनीही त्यातली सावळ्या कुंभाराची भूमिका केली. यात दरबार दोन : एक इंद्राचा, एक पृथ्वीवरच्या राजाचा. इंद्राच्या शापाने गंधर्वाचं गाढव होतं आणि ते येतं सावळ्याच्या दारात. गोष्ट जुनी आहे. विक्रमादित्याच्या बापाविषयी, गंधर्वसेनाविषयी ती सांगत आले आहेत. तिथेही गाढव माणसासारखं बोलतं, राजकन्या मागतं, आणि राजा अशक्य अट घालतो : एका रात्रीत नगराभोवती तांब्याचा कोट उभा कर. कोट उभा राहतो. मग राजाला शब्द पाळावा लागतो.

जुन्या गोष्टीत ही गंधर्वाची कथा. वगात ती कुंभाराची होते, आणि मला यातच सगळी गंमत दिसते. सावळ्या आणि त्याची बायको गंगी भांडतात ते घरातल्या भाषेत. तो राजाकडे सोयरीक घेऊन जातो तोही असा, की मुलाकडची बाजू पडती घ्यायची नाही! इकडचा वर चार पायांचा आहे एवढंच. आणि देण्याघेण्याची बोलणी? प्रत्येक घरात तश्शीच झालेली असतात. इंद्राचा दरबारही याला सुटत नाही. देवांचा राजा काय, माणसांचा राजा काय, दोघांच्याही तोंडी तेच ‘कोण आहे रे तिकडे’ शोभतं.

जुन्या गोष्टीत शेवटी गाढवाचं कातडं जाळतात, शाप सुटतो आणि गंधर्व आपल्या वाटेने निघून जातो. राजकन्येचं काय झालं, तिचे मुलगे कोण, हे सगळं कथाकार सांगतात. कुंभाराबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. त्याची माती खाणीतच पडून आहे, चाक रिकामं आहे, आणि दारातली दावण मोकळी.