वीतभर झाडाची गोष्ट

हे गुलाबी पट्ट्यांचं, कुंडीत चांदणीसारखं चपटं पसरलेलं जे दिसतंय ना, ते रोप नाही, पूर्ण वाढलेलं झाड आहे, एवढंच होतं ते, जेमतेम वीतभर. नाव क्रिप्टॅन्थस, नर्सरीत इंग्रजीत ‘अर्थ स्टार’ म्हणतात, म्हणजे जमिनीवरची चांदणी. पानाच्या कडेवरून बोट फिरवलं तर बारीक बारीक काटे लागतात, आणि असं पान आधी कुठंतरी बघितलंय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय, अननसाचा शेंडा आठवा. दोघंही ब्रोमेलियाड, एकाच घराण्यातले. अननस १६व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि नावसुद्धा आपण त्यांच्याकडूनच घेतलं. हे धाकटं भावंड मात्र तिकडेच राहिलं, ब्राझीलला.

पूर्व ब्राझीलमधे अटलांटिक समुद्राच्या कडेनं जे जंगल आहे, ऊस, कॉफी आणि शहरांसाठी तोडून तोडून आता फार थोडं उरलंय, तिथल्या जमिनीवर हे वाढतं. त्याच जंगलात डोकं वर करून बघितलं तर फांद्याफांद्यांवर दुसरे ब्रोमेलियाड बसलेले दिसतात, ते पानांच्या मधल्या पेल्यात पावसाचं पाणी साठवतात आणि त्या पाण्यात बेडूकसुद्धा राहतात. क्रिप्टॅन्थसला असा पेला नसतो, ते मातीतलं झाड, मुळांनी पाणी पिणारं. मला हे माहीतच नव्हतं, गुझमॅनिया या पेलावाल्या ब्रोमेलियाडला घालतात तसं मी याच्या मधोमध पाणी घालत राहिले, तेही ऐन पावसाळ्यात, आणि एक दिवस मधली पानं अलगद हातात आली, कुजलेली. फार वाईट वाटलं होतं. आता कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (पांढरे हलके खडे) आणि थोडा कोळसा असं भुसभुशीत मिश्रण करते, आणि वरची माती सुकली की मगच पाणी.

रंगाचं म्हणाल तर तो सगळा उजेडावर. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं की हळूहळू हिरवं पडतं, पूर्वेच्या खिडकीत आणलं की नवीन पानं परत गुलाबी येतात, पण दुपारचं कडक ऊन नको, पानं करपतात.

आणि आता अगदी मधे बघा, कॅमेरा जवळ नेतेय, ही पांढरी इवलीशी फुलं. क्रिप्टॅन्थस म्हणजे ग्रीकमधे लपलेलं फूल. एकदा फुललं की हे झाड पुन्हा फुलत नाही, काही महिन्यांनी सुकायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच लोक ते मेलं समजून टाकून देतात. प्लीज टाकू नका! पानांच्या बेचक्यात बघा, पिल्लं आलेली असतात, चांगली मोठी झाली की नुसत्या बोटाच्या धक्क्यानं सुटतात. हे बघा, सुटलं. मूळ एकही नाही अजून. ओलसर मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवायचं, पुरायचं नाही.