आंबट द्राक्ष आणि रक्तातलं युरिक ॲसिड

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आम्लांविषयी बोलायचं तर सुरुवात द्राक्षापासूनच करायला हवी. समोर बागाईतदार बरेच बसलेत, त्यांना हे चवीने ठाऊक आहे. गोडी छाटणीनंतर मणी वाटाण्याएवढे झाले की एक चावून बघा, दात आंबून जातात. त्या वेळी मण्यात मुख्यतः दोन सेंद्रिय आम्लं भरलेली असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मण्यात पाणी उतरायला लागलं की साखर चढते आणि आंबटपणा कमी होतो, पण ही दोन आम्लं एकाच वाटेने कमी होत नाहीत. टार्टारिक आम्ल वेल क जीवनसत्त्वापासून बनवते आणि एकदा साठवलं की त्याला फारसा हात लावत नाही. मणी फुगतो तसं ते फक्त विरळ होतं. मॅलिक आम्ल मात्र मणी श्वसनात खर्च करतो, आणि ऊन जितकं कडक तितक्या वेगाने. निफाड-दिंडोरीकडच्या थंड रात्रींत ते जास्त टिकतं. म्हणून वाइनसाठी माल घेणारे नुसत्या ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर, थांबत नाहीत, आम्लताही मोजतात.

हेच मॅलिक आम्ल हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेत असतं, ऑक्झॅलिक आम्लाच्या जोडीने. आपल्याकडे पहाटे शेतात फडकं फिरवून ती आंब गोळा करायची पद्धत होती. चिंचेत टार्टारिक, लिंबात सायट्रिक, ताकात लॅक्टिक. कार्ल शील या स्वीडिश औषधविक्रेत्याने अठराव्या शतकात मॅलिक, टार्टारिक, सायट्रिक आणि लॅक्टिक ही चारही आम्लं वेगळी करून दाखवली. त्याच शीलने 1776 मध्ये मूतखड्यातून आणखी एक आम्ल काढलं, युरिक. त्याच्याकडे आपल्याला शेवटी यायचंय.

आता मण्यात ‘खर्च’ झालेल्या मॅलिक आम्लाचं काय होतं ते बघू. 1937 मध्ये शेफील्डला हान्स क्रेब्स यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून एक चक्र मांडलं. सायट्रिक आम्लापासून पायरीपायरीने सक्सिनिक, फ्युमरिक, मॅलिक, ऑक्झॅलोॲसिटिक, आणि त्यातून पुन्हा सायट्रिक. या फेऱ्यांत कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पेशीला ऊर्जा मिळते. द्राक्षाच्या मण्यात हेच चक्र चालतं, तुमच्या-माझ्या स्नायूंतही हेच. शाळेत ते ‘ऊर्जेचं चक्र’ म्हणून पाठ करून घेतात आणि तिथेच सोडून देतात. मला ते फार खटकतं, कारण या चक्राचं निम्मं महत्त्व त्यातून बाहेर फुटणाऱ्या वाटांमध्ये आहे.

त्यातली एक वाट बघा. ऑक्झॅलोॲसिटिक आम्लाला नायट्रोजनचा एक गट जोडला की ॲस्पार्टिक आम्ल तयार होतं. त्याचा कार्बनी सांगाडा आणखी एका छोट्या रेणूशी जोडला जातो, वलय मिटतं आणि ऑरोटिक आम्ल बनतं. गाईच्या दुधाच्या निवळीत हे आम्ल सापडतं. त्याला साखर आणि फॉस्फेट जोडलं, एक कार्बन डायऑक्साइड काढून टाकला, की हातात येतं आरएनएचं अक्षर, युरिडिन. त्यापासूनच पुढे डीएनएची सायटोसिन आणि थायमिन ही अक्षरं बनतात. आपल्या जनुकांतल्या चारपैकी दोन अक्षरांचा सांगाडा अशा आंबट रेणूंतून घडलेला आहे.

तो शेवटचा कार्बन डायऑक्साइड काढण्याच्या पायरीवर मी जरा थांबणार आहे. एन्झाइमशिवाय, म्हणजे क्रियेचा वेग वाढवणाऱ्या प्रथिनाशिवाय, नुसत्या पाण्यात ठेवला, तर त्या रेणूंपैकी निम्मे बदलायला सुमारे 7 कोटी 80 लाख वर्षं लागतील, असा हिशोब 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. पेशीतलं एन्झाइम तेच काम सेकंदाच्या छोट्याशा अंशात करतं.

आणि या न्यूक्लिक आम्लांना, म्हणजे डीएनए-आरएनएला, आम्ल का म्हणायचं? फ्रिडरिश मिशर यांनी 1869 मध्ये ट्युबिंगनला जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पेशींतून फॉस्फरस असलेला एक आम्लधर्मी पदार्थ काढला. त्याची आम्लता त्या फॉस्फेटमुळे. लिंबातल्या सायट्रिक आम्लापेक्षा हे फॉस्फेट गट हायड्रोजन आयन कितीतरी सहज सोडतात. पेशीत ते तो सोडून ऋणभारित होऊनच बसलेले असतात. हा ऋणभार सांभाळायला धनभारित हिस्टोन प्रथिनं लागतात, आणि त्यांच्याभोवती गुंडाळूनच सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए एवढ्याशा केंद्रकात मावतो. डीएनए चाचणीत नमुना जेलमध्ये धन टोकाकडे सरकतो, तोही याच ऋणभारामुळे.

उरलेली दोन अक्षरं, ॲडेनिन आणि ग्वानिन, म्हणजे प्युरीन. त्यांच्या बांधणीत ॲस्पार्टिक आम्ल फक्त आपला नायट्रोजन देतं. उरलेला भाग फ्युमरिक आम्ल म्हणून सुटतो, क्रेब्स चक्रात परततो आणि पुढच्याच पायरीवर मॅलिक आम्ल होतो! पेशी काहीही वाया घालवत नाही.

प्युरीन मोडली की मात्र आपल्या शरीरात युरिक ॲसिड बनतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते पुढे फोडणारं एन्झाइम असतं. माणसाने आणि मोठ्या वानरांनी उत्क्रांतीत ते गमावलं. रक्तात डेसिलिटरला साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर ते गेलं की त्याचे सोडियम क्षार सुयांसारख्या स्फटिकांच्या रूपात बसू शकतात. थंडीत विद्राव्यता घटते, आणि पायाचा अंगठा शरीराच्या गाभ्यापेक्षा गार असतो. गाउट, म्हणजे या स्फटिकांमुळे होणारी सांध्यांची दुखणी सूज, बहुतेकदा तिथे सुरू होतो, त्याचं हे एक कारण. वाइनरीत टाकी मुद्दाम थंड करून टार्टारिक आम्लाचे पोटॅशियम क्षार खाली बसवतात, त्यामागचं रसायनशास्त्र वेगळं नाही.

आता ज्यासाठी मी आज आलो ते सांगतो. रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड वाढलेलं दिसलं की घरात पहिलं फर्मान निघतं: ताक बंद, लिंबू बंद, चिंचेची आमटी बंद. हे चूक आहे. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचं युरिक ॲसिड होत नाही. ते क्रेब्स चक्रात जातं आणि जळून जातं. ताकातलं लॅक्टिकही त्याच वाटेने जातं. युरिक ॲसिड प्युरीनमधून येतं, म्हणजे न्यूक्लिक आम्लांतून आणि पेशीत ऊर्जा वाहून नेणाऱ्या एटीपीसारख्या त्यांच्या भाऊबंदांतून. लक्ष ठेवायचं ते कलेजी, गुर्दा, लहान मासे आणि बिअर यांच्यावर. तसंच साखर घातलेल्या थंड पेयांवर, कारण त्यांतलं फ्रुक्टोज यकृतात एकदम पोहोचलं की एटीपी भराभर मोडतं. आंबटावर राग काढून गोड पेय पिणारा माणूस नेमकं उलटं करतो.

गाउटवरची ॲलोप्युरिनॉलची गोळीही याच वाटेवर सापडली. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज हे औषधसंशोधक प्युरीनसारखे दिसणारे नकली रेणू बनवत होते. त्यातून ल्युकेमियावरचं मर्कॅप्टोप्युरीन मिळालं. ते शरीरात लवकर मोडू नये म्हणून त्यांनी एका एन्झाइमला अडवणारा रेणू, म्हणजे हेच ॲलोप्युरिनॉल, वापरून पाहिला. तेच एन्झाइम युरिक ॲसिडही बनवतं, त्यामुळे रुग्णांचं युरिक ॲसिड उतरलं. 1988 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर दुखणं थांबलं म्हणून परस्पर बंद करू नका. साठलेले स्फटिक विरघळायला कित्येक महिने लागतात, आणि तेवढ्या काळात जेवणानंतर वाटीभर ताक प्यायला काहीच हरकत नाही.