कोपरातून निघालेली वीज

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय ‘विजांचं छायाचित्रण : तंत्र आणि सुरक्षितता’. तंत्राकडे येतोच. त्याआधी मला एका कोपराबद्दल बोलायचंय. हो, हाताच्या कोपराबद्दल.

आम्ही चौघं वादळांच्या मागे फिरतो. त्या रात्री समोर ढग उभा होता, माथा ऐरणीसारखा पसरलेला. आत वीज चमकली की अख्खा ढग उजळायचा. आम्ही मात्र ट्रायपॉडची प्लेट, म्हणजे कॅमेरा ट्रायपॉडला अडकवणारी चकती, शोधत होतो. अर्धा तास डिकी उपसली. प्लेट कॅमेऱ्यालाच लावलेली! काखेत कळसा... पुढचं तुम्हीच म्हणा.

ट्रायपॉड गाडीतच मागच्या सीटवर उभा केला, कॅमेरा खिडकीच्या काचेकडे वळवला आणि शटर वीस सेकंदांसाठी उघडलं. बाराव्या सेकंदाला आमचा एक मित्र “अरे, तिकडे पण!” असं ओरडला आणि त्यानं दार उघडलं. आतला दिवा लागला आणि नेमकी तेव्हाच रात्रीतली सगळ्यात मोठी वीज पडली. फोटोत काचेवर त्याचं पिवळंधमक कोपर उमटलंय आणि वीज त्या कोपरातून निघालीय. तो अजून म्हणतो, “माझ्यामुळे फोटोला खोली आली.”

शिक्षा म्हणून त्याचा कॅमेरा काढून घेतला आणि त्याला वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायला बसवलं. माझं आजचं खरं म्हणणं इथेच आहे : वादळामागे जाणाऱ्या प्रत्येक टोळीत एक जण बिनकॅमेऱ्याचा हवा आणि ‘चला’ म्हणायचा हक्क फक्त त्याचा.

कारण वाईड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्समधून ढग लहान आणि लांब दिसतो. पुढच्याच मोहिमेत आम्ही तिघं उघड्यावर ट्रायपॉड लावून उभे होतो आणि तिघांनाही वाटत होतं, अजून बराच वेळ आहे. तो मागून मोजत होता. अठ्ठावीस. मग एकोणीस. आवाज एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद घेतो, म्हणजे ढग सहा किलोमीटरवर. आमचं आपलं “एकच फ्रेम, एकच!” त्यानं शांतपणे गाडीचे हेडलाइट फुल केले. तिघांच्या फ्रेम पांढऱ्याफटक! कोपर चुकून होतं, हे मुद्दाम. शिव्या घालत आत बसलो. पुढचा कडकडाट चारवर आला.

‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण ज्यानं केली, त्यानं सेकंद मोजले नसावेत. गडगडाट कानावर आला, म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. ती ढगापासून दहा-दहा किलोमीटर लांबही पडते, डोक्यावर पाऊस नसतानासुद्धा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, तंत्र.

रात्री आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ-८ (लेन्सचं मध्यम छिद्र) आणि शटर दहा ते वीस सेकंद, इथून सुरुवात करा. फोकस हातानं, लांबच्या दिव्यावर. अंधारात ऑटोफोकस चाचपडत बसतो. दिवसा शटर इतका वेळ उघडं ठेवता येत नाही, म्हणून विजेचा प्रकाश ओळखून शटर उघडणारा ट्रिगर लावतात. वीज लुकलुकते, कारण एकाच वाटेनं तीन-चार झोत लागोपाठ येतात. शटर बराच वेळ उघडं असलं की फोटोत ते एकावर एक बसतात. आणि वीज चित्रात काढतात तशी टोकदार ‘झेड’सारखी नसते. १८८२ मध्ये फिलाडेल्फियात छायाचित्रकार विल्यम जेनिंग्जनं काढलेल्या फोटोत ती झाडाच्या मुळांसारखी दिसली आणि चित्रकारांची पंचाईत झाली. यावर मी तासभर बोलू शकतो, पण चिठ्ठी.

सुरक्षितता : गडगडाट ऐकू आला की गाडीत, खिडक्या बंद; मोजणी तीसच्या आत असेल, तर धावतच. वाचवतं ते गाडीचं धातूचं कवच, रबरी टायर नव्हे. टपाला कापड असलेली गाडी चालणार नाही. झाडाखाली नको, टेकडीच्या माथ्यावर तर नकोच. तिथं तुम्ही आणि ट्रायपॉड, दोघंही विजेला सोयीचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. राहिलेला ट्रायपॉड राहू दे.

मागचे दिवे जरा मालवा. शेवटची स्लाइड. कोपर डावीकडे आहे.