नवरा निफाडला, पगार न्यू जर्सीत

(जोडीदार भारतात असताना अमेरिकेतलं आयकर रिटर्न कसं भरायचं, यावर न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसमोर फेब्रुवारीतल्या एका रविवारी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मघाशी चहा घेताना एका मुलानं मला बाजूला घेतलं. "ताई, डिसेंबरात लग्न झालं, पण बायको अजून पुण्यातच आहे. तिचा एच-फोर व्हिसा आलेला नाही. म्हणजे यंदाच्या रिटर्नमध्ये मी सिंगलच ना?" मी म्हटलं, हा प्रश्न आधी सासरी विचारून बघ.

हसू नका, त्याचा प्रश्न वेडगळ नाही. घरभाडं तो एकटा भरतो, पोळ्या फ्रोझन आणतो, आणि कंपनीत रुजू होताना भरलेल्या डब्ल्यू-४ फॉर्मवर अजून 'सिंगल'च आहे. पण डब्ल्यू-४ फक्त पगारातून दर महिन्याला कर किती कापायचा ते ठरवतो. रिटर्नवरचं स्टेटस ठरतं ३१ डिसेंबरच्या रात्री. त्या रात्री तुम्ही विवाहित असाल तर अख्खं वर्ष विवाहित. जोडीदार कुठल्या देशात झोपलाय, हे कोणी विचारत नाही. पुण्यात कायदेशीर झालेलं लग्न इथेही लग्नच. आपल्याकडे पौष लागायच्या आत कार्य उरकायची घाई असते, त्यामुळे आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या दृष्टीने वर्षभर विवाहित ठरलेले नवरदेव माझ्याकडे दर वर्षी येतात.

याची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. "आम्ही वेगळेच राहतो, कोर्टात केस चालू आहे" म्हणून कोणी सिंगल होत नाही. वर्षअखेरीस घटस्फोटाचा किंवा विभक्ततेचा हुकूम हातात असावा लागतो.

हे आपल्याला खटकतं, कारण भारतात हा प्रश्नच नसतो. नवऱ्याचा पॅन वेगळा, बायकोचा वेगळा, रिटर्न वेगळं. तिथे जोडीनं पूजेला बसतात, रिटर्नला नाही.

मग तुमच्यापुढे उरतं काय? सोपा आकडा घेऊ. २०२५ चा पगार १,२०,००० डॉलर, बाकी उत्पन्न नाही, आणि भारतातला जोडीदारही कमावत नाही. 'मॅरिड फायलिंग सेपरेटली', म्हणजे विवाहित पण रिटर्न वेगळं, असं भरलंत, तर १५,७५० ची स्टँडर्ड डिडक्शन (कर लावण्याआधी वजा होणारी ठरावीक रक्कम) जाऊन फेडरल कर येतो १७,८६७ डॉलर. जोडीदाराच्या सोशल सिक्युरिटी नंबरच्या जागी 'एनआरए' (नॉन-रेसिडंट एलियन, म्हणजे कराच्या दृष्टीने इथला रहिवासी नसलेला परदेशी) लिहायचं, की झालं. आता त्याच पगारावर जॉइंट, म्हणजे दोघांचं एकत्र भरा. डिडक्शन ३१,५००, कराचे टप्पेही रुंद, आणि कर १०,१४३. फरक ७,७२४ डॉलरचा. राज्याचा कर वेगळा, तो आज बाजूला ठेवू.

हा आकडा ऐकला की लोक पेन काढतात. थोडं थांबा. जोडीदार नॉन-रेसिडंट असताना जॉइंट भरायचं तर रिटर्नला एक निवेदन जोडावं लागतं, की आम्हा दोघांनाही अख्ख्या वर्षासाठी अमेरिकेचे रहिवासी धरा. त्यावर दोघांच्या सह्या. त्या सहीनं पुण्यातल्या माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नवर येतं. एफडीचं व्याज, भारतात करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याज, कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं, सगळं. म्युच्युअल फंड असतील तर ठरावीक मर्यादेपुढे ८६२१ नावाचा फॉर्म लागतो. तो भरायचा म्हटलं की मी आधी दुसरा चहा मागवते. भारतातली खाती, गुंतवणूक मर्यादेबाहेर असतील तर त्यांची माहिती देणारा ८९३८ हा फॉर्म वेगळा. शिवाय तिकडचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथलं जानेवारी ते डिसेंबर, म्हणजे फॉर्म १६ जसाच्या तसा चालत नाही, पगाराच्या पावत्या महिन्यामहिन्याच्या गोळा करायच्या.

तरीही पुण्यातली बायको नोकरी करत असेल तर बहुतेक वेळा जॉइंट परवडतं. समजा तिला १८ लाख पगार आहे. डॉलर ८७ रुपये धरला तर २०,६९० डॉलर झाले. ते मिळवून कर येतो साधारण १३,८५०, आणि तिनं भारतात भरलेल्या कराची वजावट त्यातून आणखी मिळते.

खरा पेच मला एका बाईंच्या बाबतीत पडला. ओळख लागू नये म्हणून आकडे सोपे केलेत. त्या इथे नोकरीला, पगार तोच १,२०,०००. सोबत सात वर्षांची मुलगी. नवरा निफाडला, द्राक्षबागेत. ऑक्टोबरात छाटणी झाली की फेब्रुवारी-मार्चचा माल हातात पडेपर्यंत तो माणूस हलत नाही. कधी फवारणी, कधी ढगाळ हवा. खर्च जाऊन वर्षाला ३० लाख सुटतात. बाईंनी कागद पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "जॉइंट करा, त्यांना कुठे कर आहे? शेतीचं उत्पन्न माफ असतं."

माफ असतं ते भारतात. अमेरिकेच्या कायद्यात द्राक्षाला अशी सूट नाही. आणि गंमत अशी, की भारतात कर भरलाच नाही, म्हणजे इथे वजावट घ्यायलाही काही नाही. पुण्याच्या नोकरदार बाईला जी ढाल मिळते ती निफाडच्या बागायतदाराला नाही. ३० लाख म्हणजे ३४,४८० डॉलर. जॉइंटचा कर आला १६,८८४. सेपरेटपेक्षा एक हजारही वाचत नाहीत, आणि त्यासाठी नवऱ्याचं खातं न् खातं उघड करायचं. बाग चांगली लागून ४० लाख सुटले असते, तर कर १९,४१३ वर गेला असता. सेपरेटपेक्षाही जास्त!

मी विचारलं, मुलगी वर्षभर तुमच्याकडेच होती? होती. घराचा खर्च कोणाचा? सगळा माझा. मग तुम्ही 'हेड ऑफ हाऊसहोल्ड' (कुटुंबप्रमुख) म्हणून का भरत नाही? त्या म्हणाल्या, ते घटस्फोटितांसाठी असतं ना?

हा गैरसमज घरोघरी आहे. जोडीदार वर्षात कधीही नॉन-रेसिडंट असेल आणि तुम्ही त्याला रहिवासी धरायची निवड केली नसेल, तर या एका स्टेटसपुरते तुम्ही अविवाहित मानले जाता. अटी आहेत: तुम्ही स्वतः वर्षभर इथले नागरिक किंवा कराच्या दृष्टीने रहिवासी हवेत, घराचा अर्ध्याहून जास्त खर्च तुमचा हवा, आणि तुमच्यावर अवलंबून असलेलं मूल अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्या घरात हवं. नवरा त्या जागी चालत नाही, आणि साताऱ्यात राहणारे आईवडीलही नाहीत, त्यांना कितीही पैसे पाठवा. बाई सगळ्यात बसत होत्या. डिडक्शन २३,६२५, कर १४,३७८. निफाडचा एक रुपयाही न दाखवता. नवरा उन्हाळ्यात दोन महिने येऊन राहिला होता, त्यानंही काही बिघडलं नाही. मुलीमुळे मिळणारं क्रेडिट तिन्ही हिशेबांत सारखंच, म्हणून ते मी धरलंच नव्हतं.

बाईंनी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. तो बागेत होता, मागे ट्रॅक्टर चालू. सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे मला कुठं सही करायची?" कुठेच नाही. जॉइंटवर केली असती, तर त्या रिटर्नच्या सगळ्या कराला तोही जबाबदार झाला असता, तिची चूक असली तरी. म्हणून जॉइंटचं ठरवताना भारतातल्या माणसाला 'इथे सही कर, मग सांगतो' असं करू नका. माझ्याकडे तर मी त्यांना फोनवर घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

ठरत नसेल तर एक सोय आहे. सेपरेट भरलेलं नंतर तीन वर्षांत दुरुस्तीनं जॉइंट करता येतं. जॉइंटचं सेपरेट मात्र १५ एप्रिलची मुदत उलटल्यावर होत नाही. आणि रहिवासी धरायची निवड एकदा रद्द केली, की तुम्हा दोघांना ती पुन्हा मिळत नाही.

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरची पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुम्ही सहसा नॉन-रेसिडंटच असता. जोडीदारही तसाच असेल तर जॉइंट नाही, नॉन-रेसिडंटांचा रिटर्न फॉर्म १०४०-एनआर भरायचा, सेपरेट म्हणून.

शेवटी आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांना आयआरएस देतं तो करदाता क्रमांक. जॉइंट भरायचं आणि जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, तर त्या क्रमांकाचा अर्ज, डब्ल्यू-७, रिटर्नसोबतच जातो, कागदावर, टेक्सासात ऑस्टिनला. ओळखीसाठी मूळ पासपोर्ट लागतो किंवा तो देणाऱ्या कार्यालयानं प्रमाणित केलेली प्रत. व्हिसाच्या मुलाखतीच्या तोंडावर पासपोर्ट टपालात घालू नका, आयआरएसनं मान्यता दिलेल्या एजंटाकडून तपासून घ्या. या दिवसांत नंबर यायला नऊ ते अकरा आठवडे धरा. आणि पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, असं असेल तर डब्ल्यू-७ वर जन्माच्या नावासाठी वेगळी ओळ आहे, ती कोरी सोडू नका. हां, मागच्या रांगेतून हात वर आहे. विचारा.