विंडोज मारून घ्यायच्या आधी हे पाहून घ्या

हा डेस्कटॉप मानेवाड्यातल्या एका घरातला आहे. चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, मॉनिटरवर कव्हर आणि कव्हरवर धूळ. नागपुरात असे कॉम्प्युटर कितीतरी घरांत पडून आहेत, पोरगं बारावीला गेलं म्हणून घेतलेले, मग पोरगं पुण्याला नोकरीला गेलं अन् मशीन इथंच राहिली. चालू होते, पण इतकी हळू की घरचे लोक आता सगळं मोबाईलवरच करून राहिले.

त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. नोंदणी केली तर सिक्युरिटी अपडेट आणखी एक वर्ष मिळतात, पण ते काही कायमचं नाही. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सिक्युरिटी चिप पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा तरी पाहिजे, म्हणजे ही मशीन त्या यादीतच बसत नाही.

मग लोक मशीन उचलतात आणि सीताबर्डीच्या कॉम्प्युटर दुकानात नेतात. तिथं बरेचदा एकच उपाय सांगतात, विंडोज मारून देतो (म्हणजे नव्यानं इन्स्टॉल करून देतो), त्यात ऑफिस, फोटोशॉप, सगळं टाकून देतो. ते "सगळं" म्हणजे क्रॅक केलेलं, लायसन्सचं कुलूप तोडून फुकटात वापरलेलं असतं, आणि खरा धोका इथंच आहे. क्रॅक चालवताना पहिली सूचना काय येते, तर अँटिव्हायरस बंद करा. बंद केला की त्या फाईलमध्ये आणखी काय भरून आलं ते पाहणारं कोणीच उरत नाही. ब्राऊझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलून नेणारे प्रोग्राम याच रस्त्यानं येतात, आणि त्याच कॉम्प्युटरवर घरचं नेट बँकिंग चालू असतं, बाबांची पेन्शन त्याच खात्यात जमा होते. हे लोकांना कोणी नीट सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तीच कामं करणारं कायदेशीर सॉफ्टवेअर फुकटात मिळते.

आता याच मशीनवर काय केलं ते बघा. लिनक्स मिंट. 2006 पासून चालू असलेली ऑपरेटिंग सिस्टीम आहे, उबुंटूच्या पायावर बनवलेली, आणि तिची एक्सएफसीई नावाची आवृत्ती जुन्या मशीनवर हलकी चालते. 2 जीबी रॅमवर सुरू होते, 4 जीबी असली तर बरं. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इन्स्टॉल न करता पाहता येते. 8 जीबीचा पेनड्राईव्ह घ्या, त्यावर रुफस नावाच्या प्रोग्रामनं मिंट टाका (पेनड्राईव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जाते, ते आधी काढून ठेवा), आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राईव्हवरून चालू करा. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. वायफाय लागते का, आवाज येते का, घरचा प्रिंटर चालते का, ते सगळं तपासायचं, नाही पटलं तर पेनड्राईव्ह काढून रिस्टार्ट, विंडोज जसंच्या तसं.

हळूपणाचं म्हणाल तर बरेचदा दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असते. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी एसएसडीवर (न फिरणारी, वेगवान डिस्क) करा, रॅम नंतर.

मिंटमध्ये वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं लिब्रेऑफिस आधीच असते. विंडोज ठेवायचं असेल तर तिथंही ते चालते. सप्टेंबर 2010 मध्ये ओपनऑफिस नावाच्या जुन्या ऑफिस सॉफ्टवेअरवर काम करणारी मंडळी ओरॅकलपासून वेगळी झाली आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन काढून त्यांनी हे चालू केलं. अर्ज, बायोडाटा, सोसायटीचा हिशोब, कॉलेजचं असाइनमेंट, सगळं होते. वर्डची फाईल उघडते, पण कधीकधी ओळी वरखाली सरकतात कारण तोच फॉन्ट आपल्या मशीनवर नसते, म्हणून कोणाला पाठवताना सरळ पीडीएफ करून पाठवा, बटण वरच आहे. मेनू मराठीत करता येतात. मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडलं की युनिकोडमध्ये टाइप होते, आणि ते कुठल्याही फोनवर नीट दिसते. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या फाईली मात्र आधी कन्व्हर्ट कराव्या लागतात, तो त्रास आहेच.

आता हा व्हिडिओ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात मारबतीची मिरवणूक मोबाईलवर शूट केली, घरी कॉपी केली आणि विंडोजचा प्लेयर म्हणते कोडेक पाहिजे, म्हणजे व्हिडिओचा तो फॉरमॅट वाचणारा तुकडा. बरेच फोन आता एचईव्हीसी नावाच्या फॉरमॅटमध्ये शूट करतात ना, त्याचं एक्स्टेंशन मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये विकत आहे. व्हीएलसी नावाच्या फुकट प्लेयरमध्ये टाका, लगेच चालते, कारण कोडेक त्याच्या पोटातच आहेत. 1996 मध्ये पॅरिसच्या एकोल सेंट्रालमधल्या विद्यार्थ्यांनी कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ पाहता यावा म्हणून हे काम सुरू केलं, आणि 1 फेब्रुवारी 2001 ला ते जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांना मोकळं झालं. आजही त्यात जाहिरात नाही. एवढ्या वर्षांत कोणीतरी जाहिराती भरल्याच असत्या, त्यांनी नाही भरल्या, म्हणून मला या लोकांबद्दल फार आदर आहे.

तान्ह्या पोळ्याचे फोटो कापायचे, उजेड वाढवायचा, मंडळाचं छोटं पोस्टर करायचं, तर गिंप आहे. शिकायला वेळ लागते. पोस्टरमध्ये अक्षरं आणि आकार जास्त असतील तर इंकस्केप बरं.

टॅली मिंटवर सरळ चालत नाही, फोटोशॉप चालत नाही, मॅक्रो भरलेल्या एक्सेल शीट लिब्रेऑफिसमध्ये अडकू शकतात. घरात कोणाचं पोट या सॉफ्टवेअरवर असेल तर त्यांनी विंडोज ठेवावं, परवडत असेल तर लायसन्स घ्यावं, आणि विंडोजमध्ये डिफेंडर आधीच आहे, वेगळा अँटिव्हायरस क्रॅक करून टाकायची काहीच गरज नाही. वाटलं तर एकाच मशीनवर विंडोज आणि मिंट दोन्ही राहतात, चालू करताना कोणतं पाहिजे ते विचारते.

इन्स्टॉल करायच्या आधी घरातले फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि कॉपी झालेल्या चार फाईली उघडूनही बघा. डाउनलोड त्या-त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साइटवरूनच करा, कारण व्हीएलसी किंवा गिंप सर्च केलं की वरती जाहिरातीत त्याच नावाच्या बनावट साइट येऊ शकतात आणि मोठं हिरवं डाउनलोडचं बटण तिथंच असते. मिंटवर गेल्यावर हेही राहत नाही, सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, नाव टाका, इन्स्टॉल दाबा.