पिरेअसमधलं ढालवाल्यांचं घर

(दृश्य: पिरेअस बंदर, सकाळ. बेटांकडे निघालेल्या बोटी.)

अथेन्समधून समुद्राच्या दिशेने उतरत गेलं, की पिरेअस लागतं. "काल मी पिरेअसला उतरलो होतो, ॲरिस्टनच्या मुलाबरोबर, ग्लॉकॉनबरोबर." प्लेटोचा 'रिपब्लिक' हा ग्रंथ इतक्या साध्या वाक्याने सुरू होतो. बोलणारा आहे सॉक्रेटिस. बंदरात बेंडिस देवीचा उत्सव आहे. देवी थ्रेसची, म्हणजे बाहेरून आलेली. दर्शन घेऊन सॉक्रेटिस घरी निघतो, तेवढ्यात मागून एक गुलाम पोरगा धावत येतो आणि त्याचं वस्त्र धरतो. पोलेमार्कसने थांबायला सांगितलंय.

पोलेमार्कस मित्रांसह येतो आणि म्हणतो, आम्ही किती जण आहोत बघितलंस ना? एक तर आम्हाला हरव, नाहीतर इथेच थांब.

सॉक्रेटिस विचारतो, तिसरा मार्ग नाही का? मी तुमची समजूत घातली तर?

आणि पोलेमार्कस हसत म्हणतो, जे ऐकूनच घेत नाहीत, त्यांची समजूत कशी घालशील?

थट्टाच आहे ही. पण लक्षात असू द्या.

(दृश्य: घराचं अंगण, तेलाचे दिवे.)

त्याला थांबवून घेतात ते रात्री घोड्यांवरून होणारी मशालींची शर्यत दाखवायला. ती शर्यत शेवटपर्यंत कुणी बघत नाही. गप्पांतच रात्र सरते.

घर आहे पोलेमार्कसचं. तिथे त्याचे वडीलही आहेत, सेफलस. मूळ सिसिली बेटावरच्या सिराक्यूजचा हा माणूस अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या सांगण्यावरून अथेन्सला आला. घरात ढाली बनवण्याचा धंदा, पैसा भरपूर. पण अथेन्सचा नागरिक नाही. अशा रहिवाशांना 'मेटिक' म्हणत. कर भरायचा, लढाईला जायचं, पण राज्यकारभारात मत नाही.

सेफलस आता थकलाय. म्हणतो, मरण जवळ आलं की पाताळातल्या शिक्षांच्या गोष्टी, ज्यांना आपण आयुष्यभर हसलो, त्या रात्री झोपू देत नाहीत. पैशाचा उपयोग एवढाच, की देवाचं किंवा माणसाचं देणं डोक्यावर ठेवून जावं लागत नाही.

म्हणजे न्याय हाच का, सॉक्रेटिस विचारतो. खरं बोलावं, ज्याचं त्याला परत द्यावं? समज, एका मित्राने शहाणा असताना तुझ्याकडे शस्त्रं ठेवायला दिली. पुढे त्याला वेड लागलं आणि तो ती मागायला आला. देशील?

शस्त्रांचा दाखला, तोही ढालवाल्याच्या घरात! प्लेटो अशा जागा नेमक्या हेरतो.

इथे शब्दापाशी जरा थांबायला हवं. 'न्याय' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोर्ट उभं राहतं. ग्रीक 'दिकाइओसुने' या शब्दात कोर्टापेक्षा माणूस जास्त आहे, ज्याचं त्याला देणारा, सरळ वागणारा. आपल्याकडची जुनी माणसं 'धर्माने वाग' म्हणायची, तो अर्थ त्याच्या बराच जवळ जातो.

म्हातारा हसतो आणि वाद मुलाच्या ओंजळीत टाकून पूजेला निघून जातो. पोलेमार्कस वारसा पुढे चालवतो. तो म्हणतो, मित्राचं भलं करावं, शत्रूचं वाईट, हाच न्याय. त्या काळी ग्रीसमध्ये कुणालाही विचारलं असतं तरी बहुधा हेच उत्तर मिळालं असतं. सॉक्रेटिस ते उलगडत नेतो. मित्र कोण हे ओळखण्यात चूक होते, आणि कुणाचंही वाईट करणं हे न्यायी माणसाचं काम असूच शकत नाही.

मग थ्रॅसिमॅकस उसळतो. कॅल्सिडॉनचा हा वक्ता इतका वेळ कसाबसा गप्प बसलेला असतो. न्याय म्हणजे बलवानाचं हित, बस्स, तो म्हणतो. ज्याच्या हातात सत्ता, तो आपल्या सोयीचे कायदे करतो आणि त्यांनाच न्याय म्हणतो. सॉक्रेटिस त्याला निरुत्तर करतो, पण निरुत्तर होणं आणि पटणं यांत फरक आहे. ग्लॉकॉनलाही ते जाणवतं. म्हणून तो लिडियातल्या मेंढपाळाची गोष्ट काढतो. बोटातली अंगठी फिरवली की माणूस अदृश्य. पकडलं जाण्याची भीतीच उरली नाही, तर नीतीने कोण वागेल?

(दृश्य: मशाली विझतात. पडदा काळा.)

आता ग्रंथात नसलेली, पण प्लेटोच्या वाचकांना तोंडपाठ असलेली गोष्ट.

इसवी सनपूर्व ४०४. अथेन्स स्पार्टाविरुद्धचं युद्ध हरलं आणि तीस जणांच्या टोळीने सत्ता बळकावली. थोड्याच काळात किमान १,५०० माणसं मारली गेली, असं ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या अथेन्सच्या राज्यघटनेच्या इतिहासात लिहिलंय. तिजोरी रिकामी होती, आणि मेटिक श्रीमंत होते. ठरलं, दहा मेटिक पकडायचे. त्यांतले दोन मुद्दाम गरीब निवडायचे, म्हणजे पैशासाठी केलं असं कुणी म्हणणार नाही.

पोलेमार्कसचा भाऊ लिसिअस. त्याच्या घरी पाहुणे जेवायला बसले होते, तेव्हा तिसांची माणसं आली. लिसिअसने एकाला एक टॅलेंट, म्हणजे साधारण पंचवीस किलो, चांदी देऊ केली. त्याने मुलाबाळांची शपथ घेऊन कबूल केलं, आणि पेटी उघडल्यावर सगळीच उचलली. कारखान्यातून ७०० ढाली गेल्या, १२० गुलाम गेले. पोलेमार्कसच्या बायकोच्या कानातली सोन्याची कुंडलंसुद्धा ओरबाडून घेतली. लिसिअस मागच्या दाराने निसटला आणि बोटीने मेगाराला पोचला.

पोलेमार्कसला रस्त्यात पकडलं. आरोप नाही, सुनावणी नाही. विषाचा पेला पी, एवढाच हुकूम. घरच्यांची तीन घरं होती, पण अंत्ययात्रेसाठी त्यांतलं एकही मिळालं नाही. एक खोपटं भाड्याने घ्यावं लागलं. एका मित्राने अंगावर घालायला वस्त्र दिलं, दुसऱ्याने उशी.

एक तर आम्हाला हरव, नाहीतर इथेच थांब, असं हसत म्हणणारा तो हाच माणूस.

(दृश्य: म्युनिकिया टेकडी, खाली पिरेअस.)

या तिसांचा म्होरक्या होता क्रिटिअस, प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. पिरेअसचा कारभार पाहणाऱ्या दहांमध्ये होता कार्मिडीस, प्लेटोचा सख्खा मामा. पुढच्याच वर्षी लोकशाहीवाल्यांनी दोघांना लढाईत मारलं. कुठे? याच टेकडीवर. आणि लढाईच्या वर्णनात इतिहासकार झेनोफॉन ज्या रस्त्याचा उल्लेख करतो, तो बेंडिसच्या देवळाकडे जाणारा होता.

मला वाटतं, प्लेटोने ही जागा, हे घर, हा उत्सव सहज निवडलेला नाही. थ्रॅसिमॅकसची व्याख्या वादात हरली, पण याच घरच्या माणसांवर ती अमलात आली, आणि ती अमलात आणणारे प्लेटोचे आप्त होते.

म्हणूनच पुढे प्लेटो देतो ते उत्तर वाचताना अवघडल्यासारखं होतं. शहरात तीन वर्ग: राज्यकर्ते, रक्षक, आणि शेतकरी-कारागीर. मनाचेही तीन भाग: बुद्धी, तेज आणि वासना. प्रत्येकाने आपापलं काम करावं, दुसऱ्याच्या कामात लुडबूड करू नये, हाच न्याय. मराठी वाचकाच्या कानाला हे ओळखीचं आणि म्हणून खटकणारं आहे. प्लेटो जन्मावर अडून बसत नाही. राज्यकर्त्या, म्हणजे 'सोन्याच्या', आईबापांपोटी 'पितळेचं' मूल निपजलं तर त्याला खाली पाठवा, म्हणतो, आणि स्त्रियांनाही राज्यकर्त्यांत जागा देतो. तरीही डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नेमकं बोट ठेवलं: चातुर्वर्ण्याचं या कल्पनेशी जवळचं नातं आहे, आणि प्रत्येक माणूस वेगळा असतो, त्याला ठरावीक खणांत कोंबता येत नाही, हे प्लेटोला दिसलंच नाही.

आणि ढालवाला पोलेमार्कस या शहरात कुठे बसला असता? तिसऱ्या खणात, पुन्हा मताविना.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल स्वतः मेटिक होता, स्टॅगिरा गावचा. त्याची भाषा जमिनीवरची आहे. तो म्हणतो, चांगल्याने वाईट माणसाला लुबाडलं की वाईट माणसाने चांगल्याला, हे न्यायाधीशाने बघू नये. नुकसान मोजावं आणि पारडी पुन्हा सारखी करावीत. कायदा सरधोपट असतो, म्हणून कधी लेस्बॉसच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीसारखा दगडाच्या आकाराप्रमाणे वाकवावा लागतो. गुलामगिरी मात्र त्याला निसर्गातच दिसली. तिथे त्याची पट्टी वाकली नाही.

(दृश्य: अथेन्सचं न्यायालय. टपटपणारं पाणघड्याळ.)

लोकशाही परतली. लिसिअसही परतला आणि भावाला पकडणाऱ्या एराटोस्थेनिसविरुद्ध उभा राहिला. तो सांगतो, वडील इथे तीस वर्षं राहिले. आम्ही कुणावर खटला भरला नाही, आमच्यावर कुणी भरला नाही.

ते भाषण आज उपलब्ध आहे. ढाली, कुंडलं, खोपटं, उशी, सगळं त्यातलंच. शेवटी तो म्हणतो, माझा आरोप संपला. मग अगदी थोडके शब्द:

"ऐकलंत. पाहिलंत. सोसलंत. तो तुमच्या हातात आहे. न्याय करा."