दोरा ताणा आणि मोजा

(इंदूर येथील मराठी श्रोत्यांसमोर दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, सभागृहात शिरतानाच एका आजींनी मला गाठलं. "मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला असतो. तो म्हणतो, घर 13,000 किलोमीटरवर आहे. सून म्हणते, 15,000. कोणाचं खरं?" म्हटलं, बसा, दोऱ्यालाच विचारू.

हा पृथ्वीगोल 30 सेंटीमीटर व्यासाचा. शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक इंदूरवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. आता ताणतो, म्हणजे गोलावरची सर्वांत जवळची वाट दिसेल. बघा कुठून गेला! जपानकडे वळलासुद्धा नाही. जवळजवळ उत्तरेलाच निघाला, सायबेरिया ओलांडून 75 अक्षांशाच्या आसपास चढला आणि अलास्कावरून खाली उतरला. लांबी भरते पावणेएकतीस सेंटीमीटर. या गोलावर सेंटीमीटरला साधारण 425 किलोमीटर, म्हणजे 13,000. मुलगा बरोबर. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर, म्हणजे गोल पृथ्वी चौकोनात सपाट करणाऱ्या नेहमीच्या नकाशावर, पट्टी ठेवून पूर्वेकडे सरळ रेघ मारलीत, तर तीच वाट साडेपंधरा हजारांवर जाते. नकाशातलं सरळ जमिनीवर वाकडं असतं ते असं.

संगणक हाच दोरा त्रिकोणमितीने ताणतो. अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढणाऱ्या त्याच्या 'हॅवरसाइन' सूत्रातलं व्हर्साइन (एकातून कोसाइन वजा केल्यावर उरतं ते) म्हणजे आपल्या जुन्या ज्योतिर्विदांची उत्क्रमज्या. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी असल्याने गोल धरून काढलेलं उत्तर अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतं, एवढंच.

आणि हे मोजमाप आपल्या शेजारचंच आहे. भास्कराचार्य सिद्धांतशिरोमणीत, म्हणजे 1150 साली, सांगतात की विषुववृत्तापासून अवंती, म्हणजे आजचं उज्जैन, परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर आहे. ते अंतर सोळाने गुणा, पृथ्वीचा परीघ हाती येईल. सोळावा हिस्सा म्हणजे 22.5 अंश. उज्जैन आहे 23.2 वर आणि आपलं इंदूर 22.7 वर. म्हणजे आचार्यांचा आकडा अवंतीपेक्षा आपल्यालाच जास्त लागू पडतो! उज्जैनला जाऊन हे बोलू नका.

राहिली सूनबाई. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने आपलं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. दोऱ्याने हे अंतर 12,400 च्या आत-बाहेर. विमान उडालं सुमारे 15,300 किलोमीटर. लांबची वाट, तरी वेळ वाचला. का? त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेला धावतो, तो पाठीशी मिळाला. वैमानिक किलोमीटर मोजत नाही, इंधन आणि तास मोजतो. सूनबाईंचे 15,000 बहुधा या वाटेचे.

पण आजी, इंदूरहून तिकडे थेट विमान नाही. आधी दिल्ली गाठायची, ते 660 किलोमीटर वेगळे. बेरीज करा, 16,000 च्या घरात जाते. म्हणजे सूनबाईंनीसुद्धा कमीच सांगितलं.